दोन जहाजांचं ताट

अब्बांचं ओमानमधल्या खाबुऱ्याच्या बाजारात चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं आणि आमच्या घरात एकही धड ताट नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. आई मात्र या गोष्टीवर कधी हसली नाही.

माल लाकडी खोक्यांतून यायचा, पेंढ्यात गुंडाळलेला. निळ्या छपाईची ताटं, वाडगे, कपबश्या. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या बागायतीतले ओमानी. त्यांच्या जुन्या घरांत बैठकीच्या भिंतीत कोनाडे असायचे आणि त्या कोनाड्यांत ही ताटं उभी करून ठेवायची हौस होती. जेवण सगळ्यांनी मिळून एका मोठ्या परातीभोवती बसून व्हायचं, ताटं बघण्यापुरती. त्यामुळे ताट विकत घेताना ती माणसं मुलगी बघायला आल्यासारखी निरखायची. उजेडात धरायची, फिरवायची, बोट लावून काठ तपासायची. छपाईत जराशी चूक दिसली की ताट बाजूला. असं बाजूला पडलेलं ताट संध्याकाळी अब्बांच्या काखेतून आमच्या घरी यायचं.

छापाचा माल कसा बनतो हे अब्बांना मस्कतच्या मत्रा बाजारातल्या होलसेलवाल्याने एकदा सांगितलं होतं आणि अब्बांनी ते आम्हाला शंभरदा सांगितलं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतात, त्यात रंग भरतात, त्यावर पातळ कागद दाबून चित्र कागदावर उचलतात. मग तो कागद कच्च्या ताटावर चिकटवून घासायचा आणि पाण्याने धुऊन काढायचा. कागद जातो, चित्र राहतं. वर काचेसारखा मुलामा देऊन भट्टीत घातलं की झालं. "पण चिकटवणारा माणूसच ना," अब्बा म्हणायचे. त्यांनी कारखाना जन्मात पाहिला नव्हता, पण त्या चिकटवणाऱ्या माणसाबद्दल ते शेजाऱ्यासारखं बोलायचे. त्याला शिंक आली असेल, त्याचं लक्ष घड्याळाकडे असेल.

कागद सुरकुतला की चित्रातून पांढरी रेघ जायची. माझ्या ताटातल्या पक्ष्याचं पोट असं फाटलेलं होतं. काठाची वेल गोल फिरून स्वतःलाच भेटते तिथे माप चुकलं की अर्ध्या फुलाला भलतंच पान चिकटायचं. ते आईचं ताट. माझ्या बहिणीच्या ताटातला पूल नदीच्या मधोमध संपत होता. आणि अब्बांच्या ताटात दोन जहाजं होती. कागद एकदा टेकला, वाकडा बसला म्हणून उचलून परत लावला, तेवढ्यात पहिल्याचा रंग लागून गेला. एक जहाज गडद, त्याच्या मागे जरा वर एक फिकट, धुक्यातून आल्यासारखं.

स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेता येतं. कोकणातल्या गावाहून आणलेल्या आमच्या डब्यांवर आजोबांचं नाव होतं, टिंबाटिंबांनी कोरलेलं. चिनी मातीवर कोण नाव घालणार? आमच्याकडे नावाच्या जागी चुका होत्या. कुणाचं ताट कुठलं हे विचारावं लागत नव्हतं. कधी मुद्दाम मी बहिणीचं ताट ओढून घेतलं की ती रडायची आणि आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "जेवत्याच्या ताटाला हात लावायचा नाय!" एवढा एकच नियम ती पाळायला लावायची. बाकी नमाजापासून अभ्यासापर्यंत सगळ्यात सूट मिळायची, यात नाही.

अब्बांचं जेवण म्हणजे सोहळा होता. ताट फिरवून जहाजं आपल्याकडे घ्यायची. भात पलीकडच्या बाजूला. कालवण घालायचं ते भाताच्या पोटात खळगा करून, असं की इकडे थेंब येता कामा नये. "जहाज बुडवायचं नाय," ते म्हणायचे. आमचे आजोबा गावाकडच्या खाडीवर खलाशी होते, त्यांच्याकडून आलेली ही काळजी असावी, किंवा नुसता चाळा असावा. शेवटचा घास जहाजांवरून पुसल्यासारखा फिरवून तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "लागलं बंदराला." मग उठायचे. लहानपणी मला याचं हसू यायचं, कॉलेजात गेल्यावर वैताग यायचा, आणि आता त्या वैतागाचंच वाईट वाटतं.

आईला एक अख्खा सेट हवा होता. एकसारखा, बिनचुकीचा. शुक्रवारी मस्कतहून आमचे गाववाले यायचे तेव्हा ती पाहुण्यांची ताटं आतूनच वाढून आणायची. भात कुठे पसरायचा ते ताटाच्या चुकीवर ठरायचं. पाहुणे चांगले जेवणारे असले की ती अस्वस्थ व्हायची, कारण भात संपत आला की चूक वर यायची. मग ती घाईघाईने आणखी वाढायला धावायची. पाहुणे म्हणायचे, काय आग्रह करते ही बाई!

"तुमच्या दुकानात सगळ्यांसाठी हाय, माज्यासाठीच नाय," ती अब्बांना म्हणायची.

"पुढच्या मालात, इन्शाल्ला."

खोटं ते बोलत नव्हते. एकदा खरंच एक सुरेख सेट त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि आईला दुकानात बोलावून दाखवला. आई आठवडाभर गुणगुणत होती. मग अर्बाब आले, ज्यांच्या नावावर दुकानाचं लायसन्स होतं ते. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी मान वर केली आणि वरचा सेट बघितला. अब्बांना 'नाही' हा शब्द फक्त घरात यायचा. सेट अर्बाबांच्या गाडीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने अब्बांना खुबूस रोटी आणि सुक्या बांगड्याची चटणी वर्तमानपत्राच्या कागदावर वाढली. अब्बांनी कागद फिरवून बघितला आणि म्हणाले, "यात जहाज नाय." आई हसली नाही. पुन्हा एकदा असंच झालं, तेव्हा गिऱ्हाईक एक म्हातारी होती, कोनाड्यातलं जुनं ताट फुटलं म्हणून रडवेली झालेली. त्या वेळी आईने कागदही वाढला नाही. "द्यायचाच होता तर मला दाखवला कशाला?" एवढंच म्हणाली.

मग दिवस बदलले. नवी घरं बांधली गेली, त्यांत कोनाडे नव्हते. मॉलमध्ये मेलामाइनची न फुटणारी ताटं आली, पांढरी चौकोनी ताटं आली. निळ्या छपाईकडे कोणी बघेना. दुकानात अब्बा आणि धूळ एवढेच उरले. मी तोवर मस्कतला एसीच्या कंपनीत लागलो होतो, अल खौदला फ्लॅट घेऊन राहत होतो, लग्न झालं होतं, मुलगी शाळेत जात होती. बहीण सासरी, गावाकडे. मी अब्बांना म्हणालो, खलास करा आता, इकडे या. ते लगेच हो म्हणाले, याचं मला तेव्हा बरं वाटलं. त्यांनी भांडायला हवं होतं.

दुकान उचलायला मस्कतच्या वादी कबीर भागातून पिकअप मागवला. ड्रायव्हर आणि त्याच्या खोलीतले दोघेतिघे आले, सगळे रत्नागिरीकडचे, गॅरेजमध्ये काम करणारे. उरलेला माल एका दुकानदाराने उचलला, पण वरच्या फळीवरचा एक पूर्ण सेट त्याने घेतला नाही. जुन्या फॅशनचा, म्हणाला. अब्बांनी तो पेंढ्यात गुंडाळला आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसले. एवढ्या वर्षांनी आईला तिचा सेट मिळाला, तो कुणालाच नको होता म्हणून.

आईला त्याचं काही नव्हतं. ती अशी खूष मी क्वचित पाहिली. अल खौदला पोहोचल्यावर सामान उतरवून झालं, त्या पोरांना चहा दिला आणि तिने आमची सगळी जुनी ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हवाली केली. "खोलीत कामाला येतील तुमच्या," म्हणाली.

अब्बा सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "माजं तरी ठेव."

"आता तरी धड ताटात जेवा," आई म्हणाली. तिच्या आवाजात इतकी हौस होती की अब्बा पुढे बोलले नाहीत. मीही तिथेच होतो, खोकी उघडत होतो. मला वाटलं, बरं झालं, अडगळ गेली.

त्या रात्री आईने नव्या सेटमध्ये वाढलं. सगळी ताटं हुबेहूब, मधोमध बाग, बागेत कारंजं, काठाची वेल कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते शोधूनही सापडत नव्हतं. अब्बांनी ताट थोडं फिरवलं. आणखी थोडं फिरवलं. मग जसं होतं तसंच ठेवून जेवले. माझी मुलगी विचारत होती, "दादी, माझी प्लेट which one?" आई म्हणाली, "सगळ्या तुझ्याच."

त्यानंतरच्या हिवाळ्यात अब्बा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. दफन इथेच केलं. बरेच दिवस शेजारपाजारचे ओमानी आणि आमचे कोकणातले जेवण आणून देत होते, आम्ही ते ज्यात आलं त्यातच खात होतो. मग येणंजाणं थांबलं. एका दुपारी आई ताटं मांडायला लागली आणि ओट्यापाशी थांबली. तिने एक ताट घेतलं, खाली ठेवलं, दुसरं घेतलं.

"यातलं त्यांचं कोणतं?" तिने मला विचारलं.

अब्बा त्या सगळ्यांत जेवले होते आणि त्यांतल्या एकातही नव्हते.

"एक ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं माजं," आई म्हणाली आणि ताटं तशीच टाकून आत गेली. तिला रडताना मी दफनाच्या दिवशीही इतकं पाहिलं नव्हतं.

मी पिकअपवाल्याचा नंबर शोधला. लागला. तो म्हणाला, मी आता सोहारला असतो, पण खोली तीच आहे, गॅरेजच्या वर, पोरं आहेत तिथे, ताटंही असतील. शुक्रवारी नमाज झाल्यावर मी आईला घेऊन वादी कबीरला गेलो. वाटेत ती बरीच बोलत होती. त्या पोरांना अब्बांच्या ताटाच्या बदल्यात काय द्यावं, मिठाई की दुसरं एखादं भांडं, याचा खल चालला होता.

खोलीत दुपारच्या जेवणाची तयारी होती. जमिनीवर पेपर पसरलेले, कुकरची वाफ, सुरमईच्या कालवणाचा वास. आम्ही कोण ते सांगितल्यावर पोरांनी पंखा आमच्याकडे फिरवला. "काकी, जेवल्याबिगर जायचं नाय," एकजण म्हणाला. आई काही बोलायच्या आत तिच्यासमोर ताट आलं. माझा पक्षी होता त्यात, पोट फाटलेला. बहिणीचा अर्धा पूल कांदे-लसूण ठेवायला खिडकीत गेला होता. आईचं फुलाचं ताट फुटलं म्हणाले, आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली. "असू दे रे, असू दे," आई म्हणत होती, पण तिची नजर खोलीभर फिरत होती.

तेवढ्यात त्यांच्यातला एक डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा, तिशी ओलांडलेला, हातपाय धुऊन आत आला. त्याने आईला नमस्कार केला, कपाटावर हात घातला आणि वेगळं ठेवलेलं एक ताट काढलं. दोन जहाजं.

आईचा घास हातात राहिला.

"हे माझं," तो हसून मला म्हणाला, मी बघतोय हे त्याला दिसलं असावं. "एवढी माणसं खोलीत, कुणाचं काय कळत नाय. हे कुणी चुकून नेत नाय बघा." आणि मग आईला म्हणाला, "काकी, तुम्हीच दिलेलं ना हे? यात दोन जहाजं कशी हो?"

आई सांगायला लागली. तांब्याचा पत्रा, रंग, पातळ कागद. चिकटवणाऱ्याचा हात कसा हलला, त्याला शिंक आली असेल, त्याचं लक्ष घड्याळाकडे असेल. अब्बांचे शब्द, अब्बांचीच त्या त्या जागी थांबायची सवय. मी आयुष्यात तिला हे सांगताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं अब्बा बोलतात तेव्हा तिचं लक्षच नसतं.

"म्हणजे चुकलेला माल हाय?" डेंटरने विचारलं.

"नाय," आई म्हणाली. "चुकलेला नाय."

"मग बरंच," तो म्हणाला आणि त्याने मधोमध भात घेतला, वर पळीभर कालवण ओतलं. भाताभोवती कालवण पसरलं. गडद जहाज गेलं, मग फिकट गेलं.

मी तोंड उघडलं. "ते ताट जरा..." एवढंच म्हणालो असेन, आईने माझा गुडघा दाबला. बाकी पोरं आपापसात मॅचबद्दल बोलत होती, त्यांना काही कळलं नाही. तिच्या त्या एका नियमापुढे मी गप्प बसलो. आणि ती बसून राहिली, आपलं जेवायचं सोडून त्याच्या ताटाकडे बघत. भूक चांगली होती त्याला. भात संपला, मग त्याने चपातीच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून घेतलं. फिकट जहाज आधी वर आलं, मग गडद. आईचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मला कळलं.

तो उठला, बाहेरच्या बेसिनवर ताट धुतलं, फडक्याने पुसून परत कपाटावर ठेवलं. आम्हाला चहा दिला. जिन्यापर्यंत सोडायला सगळे आले. "परत या, काकी," डेंटर म्हणाला. ताटाचा विषय कुणी काढला नाही, आईनेही नाही, मीही नाही.

गाडी वाटेतल्या घाल्याच्या पुढे आली, तशी ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "जेवून झालं होतं रे त्याचं."

"हो."

"तेव्हा मागता आलं असतं."

"वळवू का गाडी?"

तिने बाहेर बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. "नको," म्हणाली. "आता परत जाईपर्यंत पोरं रात्रीच्या जेवणाला लागतील."

मी गाडी वळवली नाही. वळवायला हवी होती, तिने नको म्हटलं तरी. आईचं ऐकायची अवदसा मला त्याच दिवशी आठवावी!

पुढच्या महिन्यात, तिला न सांगता, मी एकटा गेलो. नव्या सेटमधलं एक ताट टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर घेतलं होतं, बदल्यात द्यायला. खोलीत डेंटरच्या जागी दुसराच माणूस झोपला होता. बाकीचे म्हणाले, त्याचा व्हिसा कॅन्सल झाला, तो घरी गेला, कायमचा.

"ताट?"

"नेलं की. लुंगीत गुंडाळून बॅगेत घातलं. घरी दाखवतो म्हणाला, एका ताटात दोन जहाजं."

गाव कुठलं, ते विचारलं. दापोलीच्या पलीकडे कुठेतरी, पण तो मुंबईलाच उतरून दुसरं काम बघणार होता. इथला नंबर बंद झाला होता. मी माझं बिनचुकीचं ताट घेऊन परत आलो आणि आईच्या नकळत बाकीच्या ताटांत सरकवून दिलं. ते कुठलं होतं हे आता मलाही सांगता येणार नाही.

आईला मी हे सांगितलेलं नाही. तिचे गुडघे दुखतात, महिन्यातून एकदा तिला रुवीला डॉक्टरकडे न्यावं लागतं. येताना ती म्हणते, "वादी कबीरवरून घे." मी घेतो. गॅरेजसमोर आलो की मी वेग कमी करतो, ती काच खाली करून वरच्या खिडकीकडे बघते. आत पंखा फिरताना दिसतो. आमची डॉक्टरची वेळ सकाळची असते, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत नेहमी दुपार झालेली असते.

"आता बसला असेल जेवायला," ती म्हणते.

"हो," मी म्हणतो, आणि गाडी पुढे काढतो.